हैदराबादची लारी, बनिहालचा बर्फ आणि चाकाची साखळी

गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर उस्मानगंजच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांबद्दल छान लेख आला होता. त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, "त्या काळात हैदराबादच्या लाऱ्या काश्मीरला जायच्या का हो?" जायच्या. आणि त्या जाण्यात एका वस्तूचा फार संबंध होता, जी आपल्या गावात कुणी पाहिलेलीसुद्धा नसेल. ती म्हणजे बर्फात टायरवर चढवायची लोखंडी साखळी. मी बद्रुका कॉलेजचा बी.कॉम., आयुष्य बँकेच्या खुर्चीत गेलं, त्यामुळे इंजिनातलं मला फार कळत नाही. पण लारीच्या कर्जाचे कागद मी पुष्कळ केले, आणि त्या कागदांतून या साखळीची गोष्ट माझ्यापर्यंत आली. थोडी लांब आहे, सवडीने वाचा.

आधी रस्ता समजून घेऊ. बोईनपल्लीवरून मेडचलकडे जो हायवे निघतो त्याला आज 44 नंबर आहे. निर्मल, आदिलाबाद करून तो पैनगंगा ओलांडतो, पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूर गाठतो, पुढे सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, मग पानिपत, लुधियाना, पठाणकोट, जम्मू आणि शेवटी श्रीनगर. आपल्याकडून श्रीनगर साधारण चोवीसशे किलोमीटर. पूर्वी या रस्त्याच्या तुकड्यांना वेगवेगळे नंबर होते, आपल्याकडचा 7 नंबर आणि तिकडचा 1-ए. 2010 च्या नव्या क्रमांकांत सगळे एका माळेत ओवले गेले. म्हणजे उन्हाळ्यात डांबर वितळणारं हैदराबाद आणि थंडीत पांढरं होणारं बनिहाल एकाच रस्त्यावर आहेत. लारीला दोन्हीकडे तेच सहा टायर.

आता साखळी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कॅनास्टोटा नावाचं गाव आहे. तिथल्या हॅरी वीड नावाच्या माणसाला 1904 च्या ऑगस्टमध्ये या साखळीचं पेटंट मिळालं. तेव्हा मोटारी नव्या होत्या आणि टायर गुळगुळीत असायचे, आजच्यासारखी नक्षी नव्हती. असं सांगतात की चिखलात आणि बर्फात गाडी फिरायला लागली की लोक चाकाला दोर किंवा रानातल्या वेली गुंडाळायचे, ते पाहून वीडला कल्पना सुचली. टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला एकेक लांब साखळी, आणि त्या दोघींना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. चाक फिरलं की प्रत्येक पायरी जमिनीत रुतते. एवढीच युक्ती. सव्वाशे वर्षं होत आली, पोलाद सुधारलं, आकड्या सुधारल्या, पण मूळ शिडी तशीच आहे.

ती का लागते हे एका हिशेबाने सांगतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड समजा सत्तर पैसे धरली, तर दाबलेल्या बर्फावर ती वीस पैशांवर येते आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर दहा पैशांवर. ब्रेक कितीही नवा असो, तो फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवायची तर चाकाने जमीन धरायला पाहिजे. आणि भरलेली लारी उतारावर असली की तिचं स्वतःचं वजनच तिचा शत्रू होतं.

तुम्ही म्हणाल, आपला याच्याशी काय संबंध? आहे. वीडच्या साखळीचं मूळ चिखलातही आहे, आणि चिखलाच्या बाबतीत आपण मराठवाडेवाले कुणाला हार जाणार नाही. निजाम स्टेट रेल्वेने 1932 च्या जूनमध्ये 27 बस घेऊन मोटारसेवा सुरू केली, तेव्हा संस्थानात पक्का रस्ता सोडला की काळी रेगड. पावसाळ्यात ती माती एकदा चाकाला धरली की सोडत नाही. माझे मामा उदगीरकडे जिनिंगचा माल नेणाऱ्या लारीवर हिशेबनीस होते. ते सांगायचे, मृगाचा पाऊस पडला की ड्रायव्हर मागच्या चाकांना काथ्याचा जाड दोर आवळून गुंडाळायचे, चाकाच्या भोकांतून ओवून. दोन फर्लांग गेलं की दोर तुटायचा, मग पुन्हा नवा. अमेरिकेतल्या त्या माणसाने जे पाहिलं तेच आमच्या मामांनी पाहिलं. फरक इतकाच की त्याच्याजवळ पेटंटचं ऑफिस होतं, आमच्याजवळ फक्त दोर होता.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या हजारो गाड्या लिलावात निघाल्या. फोर्ड, शेवरलेट. देशभर किती तरी लोकांनी त्या 'डिस्पोजल'च्या गाड्या घेऊन धंदा उभा केला. सिकंदराबाद तर छावणीचं गाव, तिथे या मालाची मोठी उलाढाल. जुने मेकॅनिक सांगायचे की काही गाड्यांच्या हत्यारपेटीत जॅक-पान्याबरोबर साखळीची जोडी निघायची. इथे तिचं काय करायचं कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी ती विहिरीवर वापरली, कुणी फाटकाला लावली.

आता बनिहालकडे वळू. जम्मू आणि श्रीनगरच्या मध्ये पीर पंजालची रांग आडवी येते. पूर्वी रस्ता बनिहालच्या खिंडीवरून जायचा, 2832 मीटर उंची. बर्फ पडला की खिंड बंद, काश्मीर बंद. म्हणून जर्मन अभियंत्यांच्या हातून खाली बोगदा काढला आणि 22 डिसेंबर 1956 रोजी तो उघडला. नेहरूंचं नाव दिलं, जवाहर बोगदा. (त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला आपलं हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इकडे राहिलो. असो, तो वेगळा लेख.) पण बोगदासुद्धा सुमारे 2200 मीटर उंचीवर. त्याच्या दोन्ही तोंडांशी हिवाळ्यात बर्फ असायचाच, आणि तोंडापर्यंत चढायचं तर वळणावळणाचा घाट.

तरी बरीच वर्षं हैदराबादची लारी तिकडे सहसा जात नसे, कारण परमिट. प्रत्येक राज्याची वेगळी परवानगी, प्रत्येक ठिकाणी सही-शिक्का. माल हद्दीवर उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा हा सरळ मार्ग होता. 1975 मध्ये नॅशनल परमिटची योजना आली आणि एकच गाडी दूरवर जाऊ लागली. त्याआधी 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, छोट्या वाहतूकदारांना कर्ज द्या असा वरून आग्रह. म्हणजे गाडी घ्यायला पैसा मिळाला आणि गाडीला देश मोकळा झाला. एक-दोन गाड्यांचे मालक भराभर वाढले. मी 1973 ला बँकेत लागलो, त्यामुळे हे सगळं समोर घडताना पाहिलं.

लारीचा कर्जप्रस्ताव कसा असायचा ते सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यातच आहे. चेसिसची किंमत. बॉडी बांधणाऱ्याचं कोटेशन. विमा. रोड टॅक्स आणि परमिट. मग महिन्याचा खर्च: डिझेल, टायर, दुरुस्ती, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार आणि भत्ता. मग फेऱ्या किती, भाडं किती, हप्ता किती. बॉडीच्या कोटेशनमध्ये खाली बारीक वस्तू असायच्या: ताडपत्री, दोर, जॅक, स्टेपनीचा स्टँड. हे सगळे आकडे मला अजून पाठ आहेत. साखळी कुठल्याही कोटेशनमध्ये नव्हती.

आमचे एक खातेदार होते, मूळ उदगीरचे, काचीगुड्याला राहायचे. नाव लिहीत नाही, मुलंबाळं इथेच आहेत. त्यांची एकच गाडी, टाटा 1210. माणूस सरळ, हप्ता कधी चुकला नाही. 1982 च्या जानेवारीत त्यांना श्रीनगरचं भाडं मिळालं. जाताना बालानगरकडची औषधं, येताना मिळाली तर सफरचंदं. तेव्हा फळांचा बाजार अजून गड्डीअन्नारमला गेला नव्हता, मोअज्जम जाही मार्केटच्या आसपास जांबागेतच होता. काश्मीरच्या लाकडी पेट्या तिथे उतरायच्या आणि त्यांतल्या भाताच्या पेंढ्याचा वास अख्ख्या गल्लीत दरवळायचा.

ड्रायव्हर बिदरचा, वयाने मोठा, पंचवीस वर्षांचा अनुभव. क्लीनर मात्र मिसरूडसुद्धा न फुटलेलं पोर, ड्रायव्हरच्याच गावचं. बनिहालच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. तीन दिवस तिथेच. चौथ्या दिवशी रस्ता उघडला. पंजाबच्या गाड्या साखळ्या चढवून पुढे निघाल्या, यांच्याकडे काही नव्हतं. रांगेत मागून हॉर्न सुरू. ड्रायव्हरने पहिल्या गिअरमध्ये गाडी काढली. चढावर एका वळणाला मागची चाकं जागीच फिरायला लागली आणि गाडी हळूहळू मागे सरकू लागली.

अशा वेळी क्लीनरचं काम काय, तर उडी मारायची आणि चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा सारायचा. पोराने तेच केलं. पहिला दगड निसटला, दुसरा धरला. गाडी डोंगराच्या अंगाला टेकून थांबली. दरीच्या अंगाला गेली असती तर मी हे लिहीत नसतो. पण दुसरा दगड सारताना पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं चाकाखाली गेली.

फेब्रुवारीत मालक विम्याच्या कागदांवर सह्या घ्यायला बँकेत आले, गाडी आमच्याकडे हायपोथिकेट होती म्हणून. मागची फळी, हौसिंगचा मार, सगळ्याचे फोटो होते, सर्व्हेअरचा रिपोर्ट होता. ड्रायव्हर आणि तो पोरगाही बरोबर होते. पोराच्या हाताला मळकं बँडेज. गाडीच्या नुकसानीचे पैसे काही महिन्यांत आले. बोटांचं काय? कायदा होता. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा होता. मोटार कामगारांसाठी 1961 चा वेगळा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादासुद्धा होती. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू. एका गाडीच्या मालकाकडे एक ड्रायव्हर, एक क्लीनर. पोराचं नाव कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हतं. मालकांनी दवाखान्याचा खर्च केला, वर काही रक्कम दिली, त्यांच्या परीने चांगलं वागले. पण हिशेबाच्या भाषेत बोलायचं तर ती मेहेरबानी होती, देणं म्हणून ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा श्रीनगरचं भाडं आलं. औषधाचा माल, भाडं चांगलं. ड्रायव्हर अडून बसला. मालक त्याला घेऊन माझ्या टेबलापाशी आले, जणू मी पंच. ड्रायव्हर म्हणाला, "साब, कीचड में मेरेकू डर नै. बरफ में गाडी सुनतीच नै. चेन होना, नै तो मैं नै जाता." मालक म्हणाले, "सायेब, वर्सातून एकदा जाणार. तेवढ्या पैशात मला रिट्रेडचा टायर येतो. बर्फ काय रोज पडतंय का?"

दोघांचंही खरं होतं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ही भांडाभांडी स्वभावाची नाही, हिशेबाची आहे. साखळी ज्याच्या पैशाने घ्यायची त्याला काचीगुड्यात बसून बर्फ दिसत नाही, आणि ज्याला बर्फ दिसतो त्याच्या खिशात पैसे नसतात. डिझेलचं तसं नाही, डिझेल संपलं तर गाडीच थांबते, म्हणून मालक आधी भरतो. टायरचं तसं नाही, फुटला तर भाडं बुडतं. साखळी नसली तरी शंभरातल्या नव्वद फेऱ्या बिनबोभाट होतात. उरलेल्या दहांचा खर्च मालकाच्या वहीत पडत नाही, क्लीनरच्या हातावर पडतो.

शेवटी ठरलं की घ्यायची. पण कुठे? मी आणि मालक एका शनिवारी दुपारी बँक सुटल्यावर राणीगंजला गेलो. सिकंदराबादचं राणीगंज म्हणजे लोखंडी सामानाचं माहेरघर, सुईपासून कप्पीपर्यंत सगळं. चार दुकानं फिरलो. एका दुकानदाराने मनापासून समजावलं, "उठाने की चेन है, बांधने की है, खींचने की है. चक्के कू पिनाने की चेन क्या करते जी? यहाँ बरफ तो कुल्फी में रहती!" आम्हीही हसलो. त्याने वजन उचलायची साखळी मापाने कापून द्यायची तयारी दाखवली. ड्रायव्हरने मात्र ती नको म्हणून सांगितलं, आणि त्याचं बरोबर होतं. चाकाची साखळी टायरच्या मापाची लागते. आपल्या गाडीचा टायर नऊशे-वीसचा. त्या मापाची, दोन्ही बाजूंच्या आकड्यांसकट तयार साखळी पाहिजे. सैल राहिली तर फिरताना सुटून ब्रेकच्या पाइपला तडाखा देते, घट्ट म्हणून आखूड घेतली तर चढतच नाही.

शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, पठाणकोटला घेतो, तिथे जम्मूकडे जाणाऱ्या गाड्यांचं सामान मिळतं. पैसे निम्मे मालकाचे, निम्मे ड्रायव्हरच्या भत्त्यातून. मला हे वाटप पटलं नव्हतं आणि मी तसं बोललोही, पण गाडी मालकाची, ड्रायव्हर राजी, माझा अधिकार कागदापुरता. साखळी घेतली गेली. गाडी सुखरूप जाऊन आली. येताना सफरचंदंही मिळाली. बँकेत सगळ्या स्टाफला दोन-दोन वाटली, त्यांत पेंढा चिकटलेला होता.

पुढे गंमत झाली. साखळी वर्षभर मालकांच्या अंगणात पोत्यात पडून. पुढच्या पावसाळ्यात गाडी मुखेडच्या बाजूला माल भरायला गेली आणि शेताच्या वाटेवर रेगडीत रुतली. ट्रॅक्टर नव्हता. ड्रायव्हरने पोतं सोडलं, साखळी चढवली आणि गाडी बाहेर काढली. गावकरी बघायला जमले. मामांच्या काळचा काथ्याचा दोर, आणि त्याच काळ्या मातीत आता पठाणकोटची साखळी. त्या दिवसापासून मालकांची साखळीबद्दलची तक्रार बंद झाली.

दोन वर्षांनी त्यांनी दुसरी गाडी घेतली. त्या प्रस्तावात बॉडीच्या कोटेशनखाली ताडपत्री, दोर, जॅक यांच्या ओळीत मी 'चाकांच्या साखळ्या, एक जोडी' अशी ओळ घालायला लावली. मॅनेजरसाहेबांनी पेन थांबवून विचारलं, "हैदराबादेत बर्फ कधी पडला?" मी म्हटलं, "साहेब, गाडी नॅशनल परमिटची आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि सही केली. एकूण कर्जात ती रक्कम किरकोळ. पण आता साखळी गाडीचा भाग झाली, ड्रायव्हरच्या भत्त्याचा नाही. माझ्या नोकरीतल्या मोठमोठ्या प्रस्तावांपेक्षा मला ती ओळ जास्त आठवते.

हा प्रश्न जगात इतरांनी कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. लष्कराचं सोपं. तिथे साखळी स्टोअरमधून मिळते, जवानाच्या पगारातून नाही. 1948 च्या सप्टेंबरात आपल्याकडे पोलीस ॲक्शन झाली, सैन्य सोलापूरहून नळदुर्गमार्गे आलं. त्याच सालच्या 1 नोव्हेंबरला जनरल थिमय्यांनी साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत रणगाडे चढवून लढाई फिरवली. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील ही शत्रूची कल्पनाच नव्हती. चाकं असोत की पट्टे, डोंगरात गाडी वर नेणं हीच अर्धी लढाई, हे तेव्हा कळलं. 1960 मध्ये सीमा रस्ते संघटना निघाली. 1962 च्या धक्क्यानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री झाले, खास डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या आणि डोंगरातले रस्ते आणि तिथली सामग्री यांच्याकडे खरं लक्ष गेलं. आपल्या सिकंदराबादला लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरचं केंद्र आहे आणि त्रिमुलघेरीला ईएमईचं कॉलेज. एकाचं काम सामान पुरवण्याचं, दुसऱ्याचं गाड्या चालत्या ठेवण्याचं. म्हणजे बर्फात गाडी कशी चालवायची याचं शास्त्र राणीगंजपासून थोड्या अंतरावर शिकवलं जात होतं, बाजाराला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

अमेरिकेने कायदा केला. कोलोरॅडो राज्यात डोंगरातून जाणाऱ्या आय-70 रस्त्यावर 1 सप्टेंबरपासून 31 मेपर्यंत मालगाडीत साखळ्या असल्याच पाहिजेत, बर्फ पडो न पडो. नसल्या तर दंड. आपल्यापैकी ज्यांची मुलं डेन्व्हरकडे आहेत त्यांनी रस्त्याकडेला साखळ्या चढवायला ठेवलेल्या मोकळ्या जागा पाहिल्या असतील. कायद्यामुळे एक गोष्ट होते: सगळ्याच मालकांना साखळी घ्यावी लागते, त्यामुळे न घेणाऱ्याचं भाडं स्वस्त पडत नाही. काचीगुड्याच्या माझ्या खातेदाराची खरी अडचण तीच होती.

काश्मीरच्या लोकांनी आपला मार्ग काढला, भाड्याचा. गुलमर्गला हिवाळ्यात गेलेल्यांना माहीत असेल, खाली टंगमर्गला गाडी थांबवतात आणि तिथली मंडळी भाड्याने साखळी चढवून देतात. वर्षातून एकदा लागणारी वस्तू विकत घेण्यापेक्षा भाड्याने घ्यावी, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचं ज्ञान. शिवाय चढवणारा माणूस जाणकार.

आणि चौथा मार्ग म्हणजे बर्फाच्या खालून जायचं. इथे आपल्या गावाचं नाव पुन्हा येतं. 2017 च्या एप्रिलमध्ये चेनानी-नाशरी बोगदा उघडला, सव्वानऊ किलोमीटरचा, पत्नीटॉपचा बर्फाळ चढ त्याने टाळला आणि सुमारे 30 किलोमीटर वाचवले. 2021 मध्ये बनिहाल-काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला. तो जुन्या जवाहर बोगद्याहून सुमारे चारशे मीटर खाली आहे, त्यामुळे बर्फाचा त्रास पुष्कळ कमी झाला. तो बांधला नवयुग इंजिनिअरिंगने, हैदराबादची कंपनी. झोजी लाचा 13 किलोमीटरहून लांब बोगदा खोदण्याचं काम मेघा इंजिनिअरिंगकडे, तीही हैदराबादची. त्याचा पहिला सुरुंग 15 ऑक्टोबर 2020 रोजी आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी उडवला. ज्या गावातल्या दुकानदाराने बर्फ फक्त कुल्फीत पाहिला होता, त्याच गावाने बर्फाखालून रस्ता काढायला घेतला.

म्हणजे साखळीची गरज संपली का? नाही. रोहतांगखालून 2020 पासून अटल बोगदा आहे, तरी मनालीच्या पुढे बर्फ पडला की पोलीस फोर-बाय-फोर किंवा साखळीवाल्या गाड्याच सोडतात. झोजी लावर आजही तसंच. बोगद्याच्या आत बर्फ नसतो, बोगद्यापर्यंतच्या रस्त्यावर असतो.

आपल्या नातवंडांपैकी कुणी हिवाळ्यात गाडी घेऊन तिकडे जाणार असेल, तर त्या बिदरच्या ड्रायव्हरने मला सांगितलेल्या चार गोष्टी लिहून ठेवतो, पुढे पुस्तकांतही त्याच वाचल्या. साखळी टायरच्या अंगावर छापलेल्या मापानेच घ्यायची, गाडीच्या नावाने नाही. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांवर आधी चढवायची, लारीला मागची, लहान मोटारीला बहुतेक पुढची. घरच्या अंगणात एकदा चढवून-उतरवून बघायची, कारण बर्फात बोटं बधिर होतात. चढवल्यावर थोडं अंतर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायची. वेग कमी ठेवायचा, पन्नासच्या वर कधीच नाही. आणि डांबर दिसायला लागलं की लगेच काढायची, नाहीतर साखळीही तुटते, टायरही जातो.

आता लारीवर क्लीनर क्वचित दिसतो. मोठ्या गाड्या, एकटा ड्रायव्हर, मोबाइल. हिशेबात एक पगार वाचला. ज्या पोराची बोटं गेली त्याने पुढे लारी सोडली आणि बिदरच्या बसस्टँडजवळ टायर पंक्चरचं दुकान टाकलं. दुकानासाठीचं छोटं कर्ज आमच्याच बँकेच्या तिथल्या शाखेतून झालं, जामीन म्हणून सही होती लारीच्या मालकांची. आठ बोटांनी तो टायर रिममधून असा काढायचा की बघत राहावं. मी एकदा बिदरला गेलो असताना स्कूटरचं पंक्चर काढून घेतलं. पैसे घेतले नाहीत त्याने. म्हणाला, "साब, वो चेन वाली लाइन तुमीच लिखे ना कागज में? मालिक बोले मेरेकू."

मंडळी, आपल्यापैकी कुणाच्या घरी डिस्पोजलच्या गाड्या होत्या, कुणाचे वडील निजामाच्या रोड ट्रान्सपोर्टमध्ये होते, कुणी लष्करात असताना बर्फात गाडी चालवली, त्यांनी जरूर लिहा. चिखलात चाकाला दोर बांधलेला कुणी डोळ्यांनी पाहिला असेल तर तेही लिहा. तो दोर बांधणाऱ्यांची नावंसुद्धा कुठल्याच रजिस्टरमध्ये नाहीत.